ज्यांची नावं विचारायचीच राहिली

जुनी व्हॅन घेतली तेव्हा वाटलं होतं, एक पलंग ठोकला की झालं घर! तुम्ही कोणी हसला नाहीत, म्हणून हे आभार.

सगळ्यात आधी त्या वेल्डरकाकांचे. मी तळावर थेट प्लायवूड बसवायला निघालो होतो. त्यांनी जुनी मॅट उचलून खालचा गंज दाखवला. आधी घास, प्रायमर मार, मग पुढचं बोल. दोन आठवडे गेले त्यात, पण आज पायाखाली पत्रा शिल्लक आहे.

वायरिंग तपासणाऱ्या ताई, तुम्हाला काय म्हणू? १२ व्होल्टवर १२०० वॅट ओढायचे म्हणजे वायरीतून १०० अँपिअर जाणार, हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत आणि माझी बारीक वायर सरळ कचऱ्यात टाकलीत. मुख्य फ्यूज बॅटरीला अगदी लागून हवा, कारण तो वायरीला जळण्यापासून वाचवतो, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं. (तोवर मी तो सोयीचा म्हणून पार दुसऱ्या टोकाला लावला होता.)

एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवा, एवढं सांगून निघून गेलेले गृहस्थ कोण होते, कळलंच नाही.

छताला पंख्यासाठी भोक पाडताना शिडी धरणारा मुलगा, पडदे शिवून देणाऱ्या आजी, तुमचेही आभार. पडदे जरा आखूड झालेत, आजी. पण राहू देत तसेच.