चि. मंदारास, डॉक्टरेटच्या निमित्ताने

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

चि. मंदार यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या विद्यापीठाची एड.डी., म्हणजे शिक्षणक्षेत्रातली डॉक्टरेट, एका कंपनीमार्फत ऑनलाइन करायची म्हणतोस, तिचं तू पाठवलेलं माहितीपत्रक वाचलं. मोबाइलवर बारीक अक्षरं वाचवत नाहीत म्हणून बाबा कॉलेज रोडला जाऊन त्याची प्रिंट काढून आले, तीही रंगीत. त्यातले चेहरे बघून म्हणाले, "प्रबंध लिहिणारा माणूस असा हसतो होय?" सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरून ठेवलेत, त्यामुळे तेवढ्या कामाला त्यांचा अर्धा दिवस गेला. तेव्हा त्या कागदाला मान देऊन मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला आहे.

फोनवर तू म्हणालास, "प्रवेश घेऊ का? हो की नाही, एवढंच सांग." जन्मभर शाळेत काढलेल्या बाईकडून एका शब्दात उत्तर मागतोस म्हणजे कमाल आहे. म्हणून हे पत्र. सायलीलाही वाचायला दे, पुढे तिच्याबद्दलही लिहिलं आहे.

आधी रुक्ष भाग उरकते. २०२२ च्या ऑक्टोबरात युजीसी आणि एआयसीटीई या उच्च आणि तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या संस्थांनी मिळून जाहीर सूचना काढली होती की परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. देऊ करतात, त्यांना आपल्याकडे मान्यता नाही. लगेच नोव्हेंबरात पीएच.डी.चे नवे नियम आले. त्यातही दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येणार नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे. तुझ्या पत्रकात 'पीएच.डी.' हा शब्द कुठेच नाही, सगळीकडे 'एड.डी.' आहे. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, एड.डी. ही खरीच पदवी आहे. पण परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नियम युजीसीने २०२५ च्या एप्रिलात नव्याने काढलेत. ही पदवी त्यांत बसते का, हे त्या कंपनीकडून लेखी घे. फोनवरचं "हो सर, डेफिनेटली" धरायचं नाही. रोज फोन करून "दोनच जागा उरल्यात" सांगणाऱ्या त्यांच्या समुपदेशक मुलीचा राग मात्र धरू नकोस, तिलाही टार्गेट असतं. फक्त एवढं लक्षात ठेव की डॉक्टरेटच्या जागा शुक्रवारी संध्याकाळच्या आत संपत नसतात.

विद्यापीठाचीही चौकशी कर. अमेरिकेत सरकार स्वतः विद्यापीठांना मान्यता देत नाही, ते काम स्वतंत्र मंडळं करतात, आणि कुठली मंडळं धरायची ते तिथलं शिक्षण खातं ठरवतं. त्या खात्याच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव टाकलं की कळतं. दहा मिनिटांचं काम आहे. तू केलेलं नसणार, मला माहीत आहे.

आता मला विचारशील तर एड.डी. ही कल्पना मला मनापासून पटते. हार्वर्डमध्ये ती १९२०च्या सुमारास सुरू झाली. पुढे बरीच वर्षं लोक तिला पातळ केलेली पीएच.डी. म्हणून हिणवत राहिले, आणि ते फार चुकीचंही नव्हतं. मग २००७ साली कार्नेगी फाउंडेशनच्या नावाने तिथे एक प्रकल्प उभा राहिला. या पदवीचं वेगळेपण काय, हे बऱ्याच विद्यापीठांनी एकत्र बसून नव्याने ठरवलं. पीएच.डी.वाल्याने ज्ञानात भर घालायची, एड.डी.वाल्याने आपल्याच शाळेतला एक अडलेला प्रश्न घ्यायचा, त्याच्या मुळाशी जायचं, एक बदल छोट्या प्रमाणात करून बघायचा, मोजायचा, फसला तर पुन्हा दुरुस्त करायचा आणि हे सगळं प्रबंधात मांडायचं. नोकरी सोडून हे करताच येत नाही, कारण नोकरी हीच प्रयोगशाळा. तुझ्यासारख्या उपप्राचार्याला याहून सोयीचं काय असणार?

म्हणूनच माझं घोडं अडलंय ते फीवर नाही आणि मान्यतेवरही नाही. अर्धा तास बोललास, त्यात फी, हप्ते, तीन वर्षं, नावामागे डॉ., पगारातली वाढ, सगळं आलं. तुझा प्रश्न काय आहे, ते एकदाही आलं नाही.

प्रश्न म्हणजे काय म्हणते ते सांगते. दिंडोरीकडच्या शाळेत माझ्याकडे मुख्याध्यापकपद आलं तेव्हा दिवाळीनंतर सहावी-सातवीच्या मुलींची हजेरी पडायची. सगळ्यांचं उत्तर तयार: द्राक्षांचा हंगाम, पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात, पोरी आईबापाबरोबर बागेत जातात, आपण काय करणार? मी हजेरीपत्रकं घेऊन बसले. ऑक्टोबरात छाटणी होते, पण गळती तेव्हा नव्हती. ती लागायची महिन्या-दीड महिन्याने, घडांची विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, सुरू झालं की. ते काम बायकांच्या हातचं. आणि गैरहजर मुलींना विचारलं तर त्यातल्या बऱ्याच जणी बागेत जातच नव्हत्या! घरी होत्या. आई सकाळी सातला बागेत जाणार, अंगणवाडी उघडणार दहाला, मग धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसायचं कोणी? एक मुलगी तर भावाला घेऊन शाळेच्या कुंपणापर्यंत यायची आणि बाहेर उभी राहून पाढे ऐकायची.

आपण समजत होतो मजुरी, निघालं अंगणवाडीचं वेळापत्रक. सेविकाताईंशी बोलून, ग्रामपंचायतीत दोन शब्द ऐकून घेऊन त्या हंगामापुरती ती लवकर उघडायला लागली. धाकट्यांना घेऊन आलेल्या मुलींना मागच्या बाकावर बसू द्या, असं मी वर्गशिक्षकांना सांगितलं. एका गुरुजींनी कपाळाला हात लावला. सगळ्या मुली परत आल्या नाहीत, पण बऱ्याच आल्या. शिवाय कुठल्या येत नाहीत आणि का, ते आता नावानिशी माहीत होतं.

तेव्हा मी आपल्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका करत होते. पुस्तकं घरी यायची, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद, आणि आमच्या घरी ती ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी उघडी पडलेली असायची. १९८९ साली हे विद्यापीठ निघालं तेव्हा टपालाने शिकून का कोणी शिकतं, असं नाक मुरडणारे पुष्कळ होते. त्यामुळे ऑनलाइन म्हणजे दुय्यम, हे माझ्याकडून तू ऐकणार नाहीस. स्वाध्यायात मी हीच हजेरीची भानगड लिहिली होती. आज कळतं की त्याचा चार पट खोल अभ्यास झाला असता तर तो एड.डी.चा विषय होता.

तुझ्या शाळेत असं काही नाही का? दरवर्षी मार्चमध्ये नव्या शिक्षिका राजीनामे देतात, असं तूच दिवाळीत म्हणाला होतास. पगार कमी हे तयार उत्तर तूही देऊन टाकलंस. खरंच पगारच का? मग शेजारच्या शाळेत तेवढ्याच पगारात त्या का टिकतात? पहिल्या वर्षी त्यांच्या वर्गात जाऊन कोणी बसतं का, की थेट पालकांची तक्रार आल्यावरच त्यांना केबिनमध्ये बोलावलं जातं? शालेय नेतृत्वाचे अभ्यासक केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ सालचा अहवाल या क्षेत्रात सगळे उद्धृत करतात. मुलांच्या शिकण्यावर शाळेतल्या ज्या गोष्टींचा परिणाम होतो, त्यांत वर्गातल्या अध्यापनाच्या खालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा क्रम लागतो, असं तो सांगतो. मुख्याध्यापकांच्या सभांमध्ये हे वाक्य टाळ्या घेतं. पण त्याच अहवालात पुढे आहे की हा परिणाम बहुतांशी आडवळणाने होतो, शिक्षकांमार्फत. ज्या शाळेत शिक्षकच टिकत नाहीत तिथे तुझं नेतृत्व कोणामार्फत पोचणार?

हा विषय घेतलास तर एक पेच आहे, आणि तो तुझ्या माहितीपत्रकात नाही. तू उपप्राचार्य. तू तुझ्याच शिक्षिकांना प्रश्नावली दिलीस, "मोकळेपणाने लिहा, नाव टाकू नका" असं सांगितलंस, तरी कोण मोकळेपणाने लिहील? तिची वार्षिक नोंद तूच लिहितोस. ती तुला "नाही" म्हणू शकत नाही, मग तिच्या "हो"ला काय अर्थ? चांगल्या विद्यापीठात संशोधनाची नीतिसमिती असते. माहिती गोळा करण्याआधी तिची परवानगी लागते, आणि मुलांकडून काही विचारायचं तर पालकांची लेखी संमतीही. मुलाखती तिऱ्हाइताने घ्यायच्या, नोकरी सोडून गेलेल्यांशी बोलायचं, असे मार्ग निघतात. त्या समुपदेशक मुलीला विचार, नीतिसमितीचं काय? ती गडबडली तर समजून जा.

आता पदाचं. अनुदानित शाळेत मुख्याध्यापक व्हायला १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे पात्रता, अनुभव आणि सेवाज्येष्ठता बघतात, डॉक्टरेट कोणी विचारत नाही. तुझ्या सीबीएसईच्या शाळेतही प्राचार्यपदासाठी ती अट नाही. आंतरराष्ट्रीय शाळांत किंवा आखाती देशांत जायचं असेल तर एड.डी.ला किंमत आहे, तिथे जरूर विचार कर. पण कधीतरी बी.एड. कॉलेजात शिकवायचं, तिथेच प्राचार्य व्हायचं, हे तुझं जुनं स्वप्न अजून असेल तर प्राचार्यपदाला लागते ती पीएच.डी., आणि ती इथल्या विद्यापीठातून नोकरी सांभाळून, अर्धवेळ करता येते. संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. काम सांभाळून अभ्यासाला वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी, म्हणजे प्रबंधाआधीच्या अभ्यासक्रमासाठी, गरज पडल्यास मोकळं करू, असं त्यात संस्थेला लिहून द्यावं लागतं. एम.एड.ला तुला फर्स्ट क्लास आहे, तेव्हा ५५ टक्क्यांची अट अडत नाही. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. म्हणजे तुझ्यापेक्षा सायलीला नियम जास्त अनुकूल आहेत, हे सहज लक्षात आणून देते.

आणि सायलीचं बोलायचंच होतं. पत्रकात लिहिलंय, वर्ग आठवड्यातून दोनदा, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने संध्याकाळी सात. तू म्हणालास, "बरंच आहे, सकाळचा वेळ मिळेल." गणित केलंस का? आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच, आणि तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकली की साडेचार. नऊपर्यंत नाही चालणार म्हणा, पण सात-साडेसातपर्यंत तू लॅपटॉपसमोर कानात ते इअरफोन घालून बसणार. त्याच वेळात ईराची आंघोळ, वेण्या, डबा, सव्वासातची बस. सध्या वेण्या तू घालतोस आणि छान घालतोस, मी पाहिलंय. त्या कोण घालणार? सायलीची बँकेची गाडी पावणेआठला. मी पदविका करत होते तेव्हा रविवारी तुला सांभाळायचं बाबा स्वतः होऊन म्हणाले होते, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत निभावलं, भात दरवेळी करपवून का होईना. बायको शिकते तेव्हा सगळं गाव विचारतं, "घराचं कसं करणार?" नवरा शिकतो तेव्हा कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारते.

असे पुष्कळ लोक असतात ज्यांचं कोर्सवर्क पुरं होतं आणि प्रबंध लोंबकळत राहतो. कोर्सवर्कला तारखा असतात, बरोबरीचे लोक असतात, स्वाध्याय द्यावाच लागतो. प्रबंधाला यातलं काहीच नसतं. तेव्हा ढकलतं ते फक्त कुतूहल, आणि पदवीच्या ओढीने आलेल्याकडे तेच आटलेलं असतं.

तर माझं म्हणणं असं. या महिन्यात कुठेही पैसे भरू नकोस, नोंदणीची ती 'परत न मिळणारी' रक्कमसुद्धा नाही. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या संस्थेत शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आधी करून बघ. पहाटे उठणं जमतं का, लिहिणं जमतं का, ते त्यात कळेल. दरम्यान तुझा प्रश्न एका पानावर लिही. त्यात 'समग्र', 'गुणवत्तापूर्ण', 'सर्वांगीण' हे शब्द नकोत. गेल्या काही वर्षांत कोण सोडून गेलं, कुठल्या महिन्यात गेलं, त्यांना कुठले वर्ग दिले होते, एवढं शाळेच्या दप्तरातून काढलंस तरी पान भरेल. मला पाठव, माझं लाल पेन अजून चालतं. त्या पानात दम दिसला तर एड.डी. की पीएच.डी. हे आपण दोघं बसून ठरवू, आणि फीला कमी पडलं तर मुदत ठेवीतलं थोडं मी देईन. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

बुधवारी रात्री फोन कर, सायली घरी असताना, आणि स्पीकरवर ठेव.

तुझी
आई

ता. क. ईराच्या खाऊसाठी चिवडा आणि तुझ्यासाठी मेतकूट जोशीकाकांच्या सुनेबरोबर धाडते आहे. ती शनिवारी पुण्याला येते. डबे परत पाठव, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.