जुन्या इंग्लिश ओकची ओढ

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत जुने सामान जमवण्याच्या छंदाकडे केवळ गुंतवणूक म्हणून पाहिले गेले, म्हणून इंग्लंडमध्ये राहणारी एक वाचक या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अक्रोडाचे आणि पुढे महॉगनीचे लाकूड श्रीमंत घरांत शिरेपर्यंत इंग्लंडातील पेट्या, बैठी स्टुले आणि मेजे मुख्यतः ओक या टणक लाकडाचीच असत. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची जीभ बसवून त्यांतून लाकडी खुंटी ठोकायची, अशी ती बांधणी असे. तिला चिकटवायला सरस लागत नसे. ओक शतकानुशतके लाकडाच्या रेषांना आडवा आकसत जातो, त्यामुळे खुंट्यांची डोकी किंचित वर आलेली बोटांना जाणवतात आणि गोल मेजाची फळी मोजली तर थोडी लांबट भरते. लोखंडी खिळ्याभोवतीचा काळा डाग लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पडतो. मला तरी जुनेपणाच्या या खुणांपुढे नक्षी दुय्यम वाटते, कारण अनेक साध्या पेट्यांवर एकोणिसाव्या शतकात नव्याने कोरीवकाम केले गेले. माझीही पहिली खरेदी तशीच निघाली आणि त्याचे वाईट फार दिवस वाटत राहिले.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सुमारे १५९० सालचा, तीन मीटरांहून अधिक रुंद ओकचा ‘वेअरचा पलंग’ आहे; तो पूर्वी वेअर या गावातल्या सरायींत असे. त्यावर प्रवाशांनी कोरलेली आद्याक्षरे आपल्या वाचकांनी तिकडे गेल्यास अवश्य पाहावीत.

आपली,
एक वाचक, बर्मिंगहॅम