परदेशी पाठवताना तिथल्या अंधाराचंही सांगा

संपादक साहेब,

नमस्कार. आपल्या लातूरकडून आता बरीच लेकरं शिकायला बाहेर चाललीत, फी, व्हिसा, बँकेचं लोन सगळ्याची चौकशी होते पण तिथल्या अंधाराचं कुणीच सांगत नाही, म्हणून लिहितेय.

माझी मुलगी फिनलंडमधे ओउलूला असते. थंडीची तयारी आम्ही पुरेपूर केली, थर्मल, स्वेटर, गोधडीसुद्धा दिली. पण डिसेंबरात तिथं सूर्य साडेदहाच्या सुमाराला उगवून दोनला मावळतो म्हणजे काय, हे मला मागच्या येळवशीला कळलं. शेतात कोपीपाशी पूजा झाली होती, भज्जी-आंबील वाढणं चालू, दुपारचे बारा, ऊन असं की सगळे सावली धरून बसलेले. तिला व्हिडिओ कॉल लावला तर मागच्या खिडकीत मिट्ट काळोख. तिथं सकाळचे साडेआठ. भज्जीचं काही विचारलंच नाही तिनं, म्हणाली आई, ऊन दाखव ना जरा. आणि रडायलाच लागली.

त्याआधी महिनाभर सांगत होती की कितीबी झोपलं तरी उठू वाटत नाही, कुणाशी बोलू वाटत नाही, आणि मी म्हणत होते आळस सोड, एवढा पैसा लावलाय. ते आठवलं की आजही जीव तुटतो. आपल्याकडं सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा, आपल्याला कसं कळावं! पण हा आजार आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे हिवाळ्यात उजेड कमी झाला की येणारं नैराश्य, डॉक्टरांनी १९८४ सालीच त्याला हे नाव दिलंय. सकाळचा उजेड डोळ्याला मिळाला नाही की शरीराचं घड्याळच मागं पडतं.

तिथल्या डॉक्टरांनी तिला १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) लॅम्प सांगितला, उठल्याउठल्या अर्धा तास तो समोर ठेवून चहा-नाष्टा करायचा. व्हिटॅमिन डी चालू केलं, आपल्या सावळ्या कातडीला ते बनवायला ऊन जास्त लागतं. आणि ढग असले तरी दुपारी बाहेर पडायचंच. तिथली माणसं बर्फातबी सायकल चालवतात, अंधारात दिसावं म्हणून अंगावर चमकणारी पट्टी लावतात, पण घरात कोंडून घेत नाहीत.

तुमच्या पेपरात एखाद्या डॉक्टरांकडून यावर सविस्तर लिहून घ्या ही विनंती, ॲडमिशनच्या दिवसांत छापलं तर फार बरं. आणि आईबापांनो, लेकरू उठू वाटत नाही म्हणालं तर आधी तिथं उजाडलंय का ते विचारा.

मी आता फोन दुपारी दोनला लावते. तेव्हा तिकडं नुकता सूर्य वर आलेला असतो, ती चालत असते, मला बुटाखालचा बर्फ ऐकू येतो.

– एक आई, लातूर