ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र: वीज मुंबईत पोहोचते, जिना चढत नाही

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी दहिसरमधल्या एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. तळमजला अधिक तीन मजले, २८ सदनिका, लिफ्ट नाही, बांधकाम १९८०च्या दशकातलं. घरातली वीज जाणं आणि आंघोळीचं गरम पाणी या दोन गोष्टींबद्दल हे पत्र आहे. आमच्यासारख्या जुन्या इमारतींमध्ये हा प्रश्न एकच असतो, पण त्याकडे एकत्र पाहणारी सरकारी योजना मला शोधूनही सापडली नाही. म्हणून थेट आपल्याला लिहिते आहे.

मुंबईकरांनी विजेबद्दल तक्रार केली की उरलेल्या महाराष्ट्राला राग येतो, आणि तो रास्त आहे. २०००च्या दशकात गावंच्या गावं बारा-बारा तास भारनियमन सोसत होती तेव्हा मुंबईला त्यातून वगळलं होतं. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला साप चावल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचत आलो आहोत. तेव्हा मुंबईला आणखी वीज द्या, असं मी मागत नाही. शहराच्या वेशीपर्यंत वीज भरपूर येते. आमची तक्रार शेवटच्या पन्नास फुटांची आहे.

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस आपल्या खात्याला चांगलाच आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका वेळी अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईला बाहेरच्या बिघाडापासून अलग ठेवणारी 'आयलंडिंग' यंत्रणा १९८१ पासून होती, तीही त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. त्यावर चौकश्या झाल्या, अहवाल आले. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली. हे चांगलं काम झालं आणि ते मनापासून मान्य करते. उन्हाळ्यात मुंबईची मागणी ४,००० मेगावॉटच्या वर जाते, तिथे अशा वाहिन्या हव्याच होत्या.

पण अख्खं शहर अंधारात जातं तेव्हा बातमी होते. एक इमारत अंधारात जाते तेव्हा कुठेच काही होत नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट सांगते. सकाळी सातच्या सुमारास आमच्या काही घरांमधले दिवे एकदम मंद झाले, पंखे रेंगाळायला लागले. त्याच वेळी दुसऱ्या काही घरांत बल्ब डोळे दिपतील इतके भगभगले आणि फट्‌कन गेले. दोन घरांत फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला, कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा राउटर. मीटर केबिनचं दार उघडलं तर जळक्या रबराचा वास आणि न्यूट्रलची पट्टी, म्हणजे सगळ्या घरांच्या परतीच्या वायरी जिथे एकत्र येतात ती, काळी ठिक्कर. वायरमन म्हणाला, न्यूट्रल तुटला. थ्री फेज जोडणीत, म्हणजे घरं तीन वेगळ्या वायरींवर (फेजवर) वाटलेली असतात तिथे, न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टचा हिशेब कोसळतो. ज्या फेजवर भार कमी, त्या घरांत व्होल्टेज तीनशेच्या वर चढतं आणि ज्या फेजवर भार जास्त, तिथे ते खाली बसतं. त्या पट्टीला इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता. रोज सकाळी ती तापायची, रोज रात्री थंड व्हायची, आणि तिचे स्क्रू हळूहळू ढिले होत गेले.

पुढचा अर्धा दिवस ही दुरुस्ती कुणी करायची यावर गेला. मीटर वीज कंपनीचे, केबिनची जागा सोसायटीची, मीटरच्या पुढची वायर ज्याच्या त्याच्या घराची. मधल्या पट्टीचं काय? कंपनीचा माणूस केबिनकडे बोट दाखवत होता, आमचे सभासद कंपनीकडे. तोवर पंप बंद. पालिकेचं पाणी ठरल्या वेळी जमिनीखालच्या टाकीत येऊन पडलं होतं, पण गच्चीवर चढवायला वीज नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, वय सत्तरच्या पुढे, गॅसवर पातेलं तापवून ते फडक्याने धरून बाथरूमपर्यंत नेत होत्या. मी पाहिलं आणि पातेलं त्यांच्या हातून घेतलं. त्या रोज हेच करतात, कारण त्यांच्या घरची जुनी वायर गिझर झेपणारी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

हा अंधार आपल्या कुठल्याच तक्त्यात नाही. वीज कंपन्या वीज नियामक आयोगाला खंडित पुरवठ्याचे जे आकडे देतात ते फीडरचे, म्हणजे अख्ख्या भागाला वीज पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीचे असतात. फीडर चालू, म्हणजे पुरवठा चालू. वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये निघाले, त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण बिघाड ग्राहकाच्या बाजूचा ठरला की ते सगळं आमच्या दारातूनच परत जातं.

ही पट्टी का जळते, ते जरा हिशेबाने मांडते. मुंबईच्या जानेवारीत नळाचं पाणी साधारण २५ अंशांचं असतं. वीस लिटरची एक बादली ४० अंशांपर्यंत तापवायला लागते एक तृतीयांश युनिट वीज. चार माणसांच्या घराला दीड युनिटसुद्धा पुरे. युनिटच्या हिशेबात ही वीज नगण्य आहे. भीती आहे ती एकाच वेळी पडणाऱ्या भाराची. इन्स्टंट गिझर ३ किलोवॅटचा. आमच्या २८ घरांत तो बसवला तर जोडलेला भार होतो ८४ किलोवॅट. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात त्यातले निम्मे जरी एकदम सुरू झाले तरी प्रत्येक फेजवर नुसत्या गिझरचेच साठ अँपिअर. इमारत बांधली तेव्हा घरटी चार ट्यूबलाइट, तीन पंखे, एक फ्रिज आणि एक इस्त्री एवढाच विचार होता. त्याच वायरींवर नंतर एसी आले, वॉशिंग मशीन आल्या, मायक्रोवेव्ह आले. जिन्याच्या भिंतीतून वर जाणाऱ्या मेन मात्र त्याच.

मंजूर भार, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेली विजेची मर्यादा, वाढवून घ्या, असं सांगणं सोपं आहे. एकेका घराने अर्ज केला तर कागदावर भार वाढतो, भिंतीतली वायर तीच राहते. सगळ्या सोसायटीने मिळून वाढवायचा म्हटलं तर केबल बदलणं येतं, मीटर पॅनल नवं येतं, आणि भार फार वाढला तर सबस्टेशनसाठी जागा द्या, असंही सांगितलं जातं. आमच्या आवारात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं.

ज्यांना वायरीचा भरवसा नाही ते गॅस गिझर बसवतात. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर पेटला की प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि त्या अपघात म्हणून छापल्या जातात. साहेब, वायरिंग सुधारलं नाही म्हणून माणूस गॅसकडे वळला, ही त्या बातमीची सुरुवात कुणीच लिहीत नाही.

आता रिडेव्हलपमेंटबद्दल, कारण मुंबईतल्या जुन्या इमारतींचा कुठलाही विषय शेवटी तिथेच येऊन अडकतो. वायरिंग बदलायचा ठराव मी सर्वसाधारण सभेत मांडला की पहिलं उत्तर येतं, 'बिल्डर येणारच आहे, आता कशाला खर्च?' बिल्डर येतात, बैठका होतात, चटईक्षेत्राची गणितं होतात, एखादा मध्येच निघून जातो, कुणी कोर्टात जातं. दहा वर्षं सहज जातात. त्या दहा वर्षांत लोक त्याच वायरींवर राहतात. या सभासदांवर मी चिडत नाही. पेन्शनीत भागवणाऱ्या माणसाला उद्या पाडल्या जाणाऱ्या भिंतीत पैसे घालायला सांगणं अवघड आहे. तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक केलं, तेव्हाही लोकांनी कुरकुर केलीच होती, पण ते होतं, कारण ते टाळता येत नाही. खांबाला तडा गेलाय का हे पाहायला इंजिनीअर येतो. मीटर केबिन जळते आहे का हे पाहायला आमच्याकडे आजवर कुणी आलेलं नाही, आणि मुंबईतल्या आगींमध्ये शॉर्टसर्किटचा वाटा किती मोठा असतो हे अग्निशमन दल वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. त्याच ऑडिटमध्ये विजेची तपासणी जोडा. मेन, न्यूट्रल, अर्थिंग, प्रत्येक घराचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. एकाच फेरीत होईल.

तपासणीनंतरचा खर्च कुठून आणायचा, हा खरा प्रश्न. इथे मला गरम पाण्याचा मुद्दा जोडायचा आहे.

हीट पंप नावाचं यंत्र आता बाजारात सहज मिळतं. ते एसीच्या उलट काम करतं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतं. एक युनिट वीज खर्च केली की साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. थंड प्रदेशात कडाक्याच्या हवेतून उष्णता काढताना त्याचा दम निघतो. मुंबईची हवा जानेवारीच्या पहाटेही पंधरा-सोळा अंशांच्या खाली क्वचितच जाते, आणि दुपारी तीस. या यंत्राला याहून चांगलं शहर शोधून सापडणार नाही.

आमच्या इमारतीचा हिशेब करून पाहिला. घरटी १०० लिटर, म्हणजे २,८०० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायचं. लागणारी उष्णता सुमारे ८१ युनिट, हीट पंपाला वीज लागेल २७ युनिट. पाण्याची टाकी नीट गुंडाळलेली असेल तर हे काम दुपारच्या पाच-सहा तासांत करून ठेवता येतं, पाच ते सात किलोवॅटच्या यंत्रावर. एकीकडे ८४ किलोवॅटचे गिझर आणि दुसरीकडे सात किलोवॅटचं एक यंत्र, तेही सकाळची गर्दी टळल्यावर चालणारं. सबस्टेशनची जागा लागत नाही, भिंतीतल्या वायरींवर सकाळी ताण येत नाही, आणि काकूंना पातेलं उचलावं लागत नाही. पहाटे वीज गेली तरी टाकीतलं पाणी गरमच असतं आणि वरून खाली आपोआप येतं.

अडचणी आहेत. गच्चीवर अडीच-तीन टन पाण्याचा भार येईल, तो स्ट्रक्चरल इंजिनीअरने तपासावा लागेल. प्रत्येक बाथरूमपर्यंत गरम पाण्याची वेगळी पाइपलाइन बाहेरून न्यावी लागेल. एकरकमी खर्च मोठा आहे, आणि इथेच सरकारची गरज आहे.

सौर बंबांवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्ये बंद झालं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापराच्या सौर विजेसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण त्यातून पाणी तापवण्याचं यंत्र घेता येत नाही आणि जुनी वायर बदलता येत नाही. शिवाय एक गोष्ट विक्रेते लोकांना सांगत नाहीत. बॅटरी नसलेली सौर यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट दिशेने शॉक बसू नये म्हणून ते तसं ठेवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. पण गच्चीभर पॅनल लावून, भर उन्हात, पाण्याचा पंप मात्र बंद, असा प्रसंग शेजारच्या सोसायटीवर आला तेव्हा तिथल्या लोकांना ते कळेना. पंपापुरती आणि जिन्याच्या दिव्यांपुरती बॅटरी या योजनेला राज्याने आपल्या बाजूने जोडून द्यावी.

माझी मागणी अशी आहे. तीस वर्षांपुढच्या गृहनिर्माण संस्थांसाठी राज्याने एक योजना आणावी. विजेची तपासणी, मीटर केबिन आणि मेन यांची दुरुस्ती, आणि सामायिक हीट पंप किंवा सौर बंब, या तिन्हींसाठी मिळून एकच अर्ज आणि कमी व्याजाचं कर्ज. परतफेड वीजबिलातून हप्त्याने. रिडेव्हलपमेंट झालं तर उरलेली रक्कम विकासकाने भरायची, अशी अट करारातच घालता येईल, म्हणजे सभासदांची 'आता कशाला' ही अडचण संपेल. हीट पंप आणि मीटर पॅनल उचलून नव्या इमारतीत नेता येतात, ती भिंतीबरोबर जात नाहीत. मीटर केबिनमधल्या पट्टीची जबाबदारी कुणाची, हे नियामक आयोगाकडून एका ओळीत स्पष्ट करून घ्यावं. आणि एखादी इमारत चार तासांहून जास्त अंधारात राहिली तर, कारण कुणाच्याही बाजूचं असो, त्याची नोंद व्हावी. नोंदच झाली नाही तर आपल्यापर्यंत हे पोहोचणार कसं?

सुरुवात छोटी करा. बेस्टचा शहर भाग, पश्चिम उपनगरं आणि महावितरणकडे असलेला भांडुप-मुलुंडचा पट्टा, अशा तीन ठिकाणच्या काही जुन्या सोसायट्या निवडा आणि एक हिवाळा मोजमाप घ्या. सकाळचा भार किती उतरला, किती केबिन दुरुस्त झाल्या, बिलं किती कमी झाली, हे आकडे लोकांसमोर ठेवा. आमची सोसायटी त्यासाठी तयार आहे. गच्ची रिकामी आहे, स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं आहे, आणि सभासदांची संमती मिळवायची जबाबदारी माझी.

आपण किंवा आपल्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी वेळ दिला तर हिशेबाचे कागद घेऊन मी मंत्रालयात येईन.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव
दहिसर, मुंबई