तुझा भूलभुलैया खुला होण्याआधी

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू फोन जरा तुटकपणे ठेवलास. शुक्रवारी तुझा भूलभुलैयातल्या पाठलागाचा गेम खुला झाल्यावर एका वेळी साधारण किती जण आत असतील, एवढेच मी विचारले होते. तू म्हणालास, "आई, हा प्रश्न सोडून काहीही विचार," आणि त्यानंतर दोघांनाही काही सुचले नाही. तुझा आवाज थकलेला वाटला की जे बोलायचे ते बाजूला राहते आणि भलतेच तोंडून निघते, म्हणून लिहायला बसले आहे. तो प्रश्न या पत्रात काढायचा नाही, असे मी ठरवले आहे.

आधी गेमविषयी. तू पाठवलेली चाचणीची आवृत्ती मी आणि बाबांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसून खेळून पाहिली, आणि आत्याच्या घरून दादाही आत आला होता. एका कोपऱ्यावर दादा अचानक समोर आला तेव्हा बाबांनी दचकून खरीखुरी खुर्ची मागे ढकलली. तो आवाज मला शेजारच्या खोलीत ऐकू आला. मी मात्र एका तिठ्यावर बराच वेळ नुसती उभी होते. डावीकडून पावले वाजत होती, पण दबकी. उजवीकडून वाजली तेव्हा ती स्वच्छ ऐकू आली. मग लक्षात आले की मध्ये भिंत असेल तर तू आवाज दाबतोस आणि वाट मोकळी असेल तर तो तसाच येऊ देतोस, म्हणजे नकाशा नसतानाही कानाने वाट काढता येते. हे तू कुठे लिहून ठेवलेले नाहीस आणि मला कुणी सांगितलेही नव्हते. ते उमगले त्या क्षणी मला तुझा फार अभिमान वाटला, आणि काल फोनवर नेमके हेच सांगायचे राहून गेले.

गणिताची शिक्षिका म्हणून आणखी एक गोष्ट मला विशेष आवडली. ज्या भूलभुलैयात कोणत्याही दोन चौकटींमध्ये नेमकी एकच वाट असते, त्याला गणितात वृक्ष म्हणतात. चौकटी ४०० असतील तर त्यांच्यामधली दारे बरोबर ३९९ भरतात, एक दार कमी केले तर काही भाग तुटतो आणि एक वाढवले तर कुठेतरी वेढा तयार होतो. एकट्याने सोडवायच्या कोड्याला अशी रचना शोभते. पण मागे कोणी लागलेले असेल तर अशा रचनेतली प्रत्येक बंद गल्ली म्हणजे सापळाच. तू आधी सगळ्या बंद गल्ल्या उघडून टाकल्या होत्यास, तेव्हा कोणी कोणाला सापडेना आणि सगळे नुसते पळत राहिले. मग त्यातल्या काही पुन्हा बंद केल्यास, आणि तेव्हा कुठे खेळात भीतीही आली आणि सुटकाही. हे प्रमाण कोणत्याही सूत्रातून निघत नाही. लोकांना खेळताना पाहत, एकेक दार उघडत आणि मिटत तू ते शोधलेस.

तू लहान होतास तेव्हा चौकटीच्या वहीची मागची पाने अशाच वाटांनी भरलेली असायची. दादाला सोडवायला द्यायचास आणि कोडे सुटत आले की पेन्सिलीने आणखी एक भिंत घालायचास. एकदा तो चिडून रडायला लागला, तेव्हा तू खोडरबर घेऊन एक भिंत इतकी घासलीस की कागदाला भोक पडले, आणि त्याला म्हणालास, "हे बघ, आता दार झाले." ती वही बाबांनी अजून ठेवली आहे, हे तुला माहीत नसेल.

तर मूळ मुद्दा खडूचा. तुझ्या गेममध्ये खेळाडू भिंतीवर खडूने खूण करू शकतो, आणि दुसरा खेळाडू ती पुसू शकतो किंवा मुद्दाम खोटी खूण करू शकतो. खुणा करत वाट शोधण्याची रीत जुनी आहे. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८२ मध्ये ती ट्रेमो नावाच्या अभियंत्याच्या नावाने छापली: जाताना वाटेवर खूण करायची, दोनदा खूण झालेल्या वाटेने पुन्हा जायचे नाही, म्हणजे भूलभुलैया कसाही असला तरी माणूस त्यातून सुटतो. एक हात भिंतीला लावून चालत राहण्याची युक्ती वेढे असलेल्या रचनेत फसू शकते, ही रीत फसत नाही. पण तिच्यात गृहीत धरलेले असते की खुणा आपल्याच आहेत आणि खऱ्या आहेत. तू ते गृहीतच काढून घेतलेस. समोर बाण दिसतो, तेव्हा तो कोणी आणि कशासाठी काढला असेल याचा विचार करावा लागतो. दादाने मला अशाच एका बाणाने बंद गल्लीत नेले आणि तिथे तो माझी वाट पाहत उभा होता.

आणि इथेच माझे मन पुन्हा त्या जागी जाते. खोटी खूण करायला दुसरा माणूस लागतो, ती खरी मानायलाही लागतो. आत कोणीच नसेल तर त्या पांढऱ्या रेघांना काय अर्थ राहणार? एकट्याने खेळायचा गेम वर्षभराने एखाद्याने उघडला तरी तो जसाच्या तसा त्याला मिळतो. तुझा गेम मात्र त्याच घटकेला आणखी सात जण आत असतील तरच पुरा होतो. प्रश्न काढायचा नाही म्हटले आणि काढलाच. रागावू नकोस, पुढे वाच.

अशा गेमचा इतिहास तूच मला कधीतरी सांगितला होतास, नंतर मी तो वाचून काढला. १९७३ च्या सुमारास नासाच्या एम्स संशोधन केंद्रात शाळेत शिकता शिकता काम करणाऱ्या तीन मुलांनी 'मेझ वॉर' बनवला, तेव्हा सुरुवातीला तो एकट्याने फिरण्याचाच होता आणि त्याचा लवकरच कंटाळा आला. मग त्यांनी इमलॅक जातीचे दोन संगणक तारेने जोडले आणि समोरच्या वाटेवर दुसरा खेळाडू एका मोठ्या डोळ्याच्या रूपात दिसू लागला. भिंती त्याच होत्या, पण माणूस आला आणि खेळ जिवंत झाला. पुढे १९८७ मध्ये 'मिडी मेझ' आला. त्यात वाद्ये जोडण्यासाठी असलेल्या तारांनी अटारी एसटी संगणकांचे कडे करून १६ जण एकत्र खेळू शकत. त्या लोकांना आपापले संगणक उचलून एका खोलीत जमावे लागे, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच माणसे जमलेली असत. तुझे खेळाडू एकेकटे येणार, वेगवेगळ्या वेळी येणार, आणि रिकाम्या प्रतीक्षागृहात थोडा वेळ थांबून निघून जाणार. मला याची धास्ती वाटते.

म्हणून काही सुचवते. गेम बनवणाऱ्या तुमच्या चौघांत याचा विचार आधीच झाला असेल तर सोडून दे. सुरुवातीला खेळाचा एकच प्रकार ठेवा. तू तीन प्रकार आणि प्रत्येक प्रदेशाचा वेगळा सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा मधला संगणक, म्हणत होतास. पण आलेली माणसे इतक्या ठिकाणी वाटली गेली तर आठ जण कुठेच पुरे होणार नाहीत. एखाद्या खेळाडूला थोडा लॅग, म्हणजे उत्तर यायला उशीर, सोसावा लागला तरी चालेल, समोर कोणी नसण्यापेक्षा ते बरे. जागा रिकाम्या राहिल्या तर बॉट, म्हणजे संगणकच चालवतो ते खेळाडू, घाला, मात्र ते बॉट आहेत हे स्पष्ट दिसू दे, कारण खोट्या खुणांच्या खेळात खेळाडूंबद्दल तरी फसवणूक नको. रोजची एखादी ठरावीक वेळ जाहीर करा, म्हणजे विखुरलेले लोक त्या तासाला एकत्र येतील. आणि पुढे कधी सर्व्हर बंद करण्याची वेळ आलीच, तर लोकांना तो स्वतःच्या यंत्रावर चालवता येईल अशी सोय आजच करून ठेवा. 'डूम' या गोळीबाराच्या जुन्या गेमचा मूळ कोड १९९७ मध्ये खुला केला गेला, म्हणून तो गेम आजही नव्या यंत्रांवर खेळला जातो.

पाहा, गेम अजून आलाही नाही आणि मी तो बंद होण्याविषयी बोलते आहे. क्षमा कर. वर्गात उभी राहिल्यासारखी मी बोलू लागते, हे तू पूर्वीही सांगितले आहेस.

शिवाय उलटेही घडू शकते. 'डूम' १० डिसेंबर १९९३ रोजी यायचा होता, तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर वाट पाहणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की बनवणाऱ्यांनाच आपली फाइल चढवायला जागा मिळेना. तो आला आणि ठिकठिकाणची नेटवर्क तुंबली, कारण पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संदेश नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांना जात असे. पुढे ते सुधारले गेले. म्हणजे जास्त लोक आले तरी शुक्रवारची रात्र अवघडच जाणार. त्या रात्री सर्व्हरपाशी आळीपाळीने बसा. तू एकट्याने बसू नकोस.

एकट्याने बसलास की काय होते, ते मी मागच्या सुट्टीत पाहिले आहे. दोन खेळाडू एकाच चौकात उभे होते, पण एकाच्या पडद्यावर समोर भिंत होती आणि दुसऱ्याच्या पडद्यावर वाट. सर्व्हर फक्त सीड, म्हणजे सुरुवातीची एक संख्या, पाठवतो आणि तिच्यावरून निघणाऱ्या यादृच्छिक संख्यांच्या मालिकेवरून प्रत्येक यंत्र तोच भूलभुलैया स्वतः रचते, असे तू समजावले होतेस. मग दोन भूलभुलैये झाले कसे? तू जेवायला उठत नव्हतास. शेवटी सापडले ते असे, की भिंतीवरच्या मशालींची थरथर दाखवण्यासाठीही त्याच मालिकेतून यादृच्छिक संख्या उचलल्या जात होत्या, आणि वेगवान यंत्र त्या जास्त उचलत असल्याने पुढच्या भिंतींची गणना सरकत होती. मशालींना तू वेगळी मालिका दिलीस आणि दोन्ही पडदे एक झाले. त्या पहाटे तू मला उठवून दाखवलेस तेव्हा तुझे डोळे लाल झाले होते आणि तू हसत होतास. मला एकाच वेळी तुला शाबासकी द्यावीशी वाटत होती आणि डॉक्टरांकडे न्यावेसे वाटत होते.

अशा चुका शुक्रवारीही निघतील. बाबा दारातून आत गेले आणि क्षणात पुन्हा बाहेर दिसले, म्हणून त्यांनी तक्रार केली होती. मी त्यांना सांगितले की आपले यंत्र आपले पाऊल लगेच दाखवते, पण निर्णय सर्व्हरचा असतो, आणि इंटरनेटच्या काचेच्या तंतूतून जाणारा प्रकाशही सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरच जात असल्याने १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडून उत्तर यायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच. त्यांना ते पटले. सगळ्या खेळाडूंना पटणार नाही, आणि ते कडू शब्दांत लिहितील. 'पॅक-मॅन' या भूलभुलैयाच्या जुन्या गेममध्ये २५६ वी पातळी आली की पातळीचा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे २५५ पर्यंतच मोजणाऱ्या जागेत, मावत नाही आणि अर्धा पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जातो. ती चूक १९८० पासून तशीच आहे आणि त्या गेमवरचे लोकांचे प्रेम कमी झालेले नाही.

मला खरे काय म्हणायचे आहे ते आता सरळ लिहिते. तुझ्या पडद्याच्या कोपऱ्यात आत किती जण आहेत तो आकडा सतत दिसत राहणार. तो चढेल तेव्हा तू झोपणार नाहीस आणि उतरेल तेव्हाही झोपणार नाहीस, आणि हळूहळू तो आकडा म्हणजेच आपली किंमत असे तुला वाटू लागेल, याची मला भीती आहे. नोकरी सोडल्याबद्दल मी काही बोलत नाही. तो निर्णय तुझा होता आणि विचारपूर्वक घेतलेला होता. पण भिंतीआडून येणाऱ्या पावलांचा आवाज तू ज्या काळजीने दाबलास, ती काळजी त्या आकड्यात मोजली जाणार नाही. आत तिघेच असले तरी त्या तिघांना ती पावले तशीच ऐकू येतील. शक्य झाले तर पहिला आठवडा तो आकडा दुसऱ्या कोणाच्या पडद्यावर ठेव.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा, दादा आणि मी आत येऊ. आम्हाला ओळखल्याचे दाखवू नकोस आणि मुद्दाम हरूही नकोस. आत्याला खेळता येणार नाही, पण तिला शेजारी बसून पाहायचे आहे. दादा विचारतो आहे की त्याच्या जुन्या लॅपटॉपवर अंतिम आवृत्ती चालेल का, की त्याने मशाली बंद करून खेळावे; ते त्याला आजच कळव, म्हणजे त्याला दुसरी सोय करायला वेळ मिळेल.

तुझी,
आई