बाबा, नोकरी सोडलेली नाही

आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन मध्येच कट झाला आणि नंतर तुम्ही झोपला असाल म्हणून केला नाही. मी एकदम ठणठणीत आहे, खोकला गेला, थालीपीठाची भाजणी अजून अर्धा डबा आहे. इकडे जर्मनीत, लाइपझिगमध्ये, बाकी सगळं तेच.

दादाने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. नोकरी सोडलेली नाही, तीन दिवस ऑफिस आहेच, उरलेले दोन दिवस मी आणि अजून चौघंजण मिळून छोट्या दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतोय आणि ते फुकट देणार आहोत. "फुकट देऊन खाणार काय" हे आईने तीनदा विचारलं. अगं, असं देणारे आम्ही पहिले नाही, ग्नूकॅश नावाचं असंच सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे, अजून चालू आहे. आणि नेदरलँड्सची एनएलनेट म्हणून संस्था आहे, अशा कामांना ५ ते ५० हजार युरो देते, तिकडे अर्ज टाकलाय. बाबा, माळ्यावरच्या तुमच्या ३० वर्षांपूर्वीच्या खतावण्या आजही उघडून वाचता येतात ना? भाड्याच्या सॉफ्टवेअरसारखं, वर्गणी थकली म्हणून कुणी वही बंद करत नाही. आम्हाला तेवढंच हवंय.

इथली एक गंमत सांगते, मला अजून कळलेली नाही. सकाळी बेकरीत एक पाव घेतला, एकच, तरी काउंटरवरची बाई वीतभर पावती काढते आणि विचारते "बॉन?", म्हणजे पावती हवी का. आपण नाही म्हणायचं, ती पावती तिथल्या टोपलीत टाकते, मागचा माणूस पुढे, पुन्हा तेच. दिवसभर. २०२० पासून कायदाच आहे, मशीनवर बिल करणाऱ्याने पावती दिलीच पाहिजे, गिऱ्हाईकाने घेतलीच पाहिजे असं मात्र नाही. आणि मशीन नसेल, नुसता उघडा गल्ला असेल तर पावतीची सक्ती नाही! म्हणजे बाबा, तुमचा लाकडी गल्ला इथेसुद्धा सुटला असता. त्यात पावाला ७ टक्के टॅक्स, सोबतच्या कॉफीला १९, दोन्ही त्या चिठोऱ्यावर वेगळे.

त्या ७ टक्क्यांनीच गेल्या आठवड्यात आमचा घाम काढला. टॅक्स सोडून ६५ सेंटचे तीन पाव, एकेकावर टॅक्स काढून, तो पूर्ण सेंटात धरून बेरीज केली तर १५ सेंट, तिन्हीवर एकदम काढला तर १४. तेरीज एका सेंटने जुळेना. एकजण म्हणाला एक सेंट कोण बघतं, आणि मला तुम्ही आठवलात, चार आण्यासाठी रात्री साडेअकराला बल्बखाली कीर्द परत पहिल्यापासून तपासणारे, आणि आई ताट झाकून बसलेली. मी बसले दोन वाजेपर्यंत. रोज नाही बसत, आई.

दिवाळीला येत नाहीये. वहीपूजनाला मी नाही असं हे दुसरं वर्ष, माहितेय मला, तिकीट फार महाग होतं (खरं तर बघितलंच उशिरा). नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री काढाल त्याचा फोटो पाठवा.

आणि हो, पगार पण तीनच दिवसांचा झालाय, त्यामुळे या महिन्यापासून ४० ऐवजी २५ हजार येतील. डोळ्याच्या ऑपरेशनचे मी वेगळे ठेवलेत, त्याला हात लावलेला नाही, त्यामुळे बाबा मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. दादाच्या गाडीचा हप्ता त्याने स्वतः भरावा, हे माझं नाव न घेता सांगा.

पंढरपूरच्या स्थळाला नाही म्हणत नाहीये. फोटो पाठवा हवं तर, पण तो पिवळ्या साडीतला नको. आणि आई, त्यांना माझा जुना पगार सांगितला असशील तर आधी तो दुरुस्त कर.

तुमची,
छकुली