भाच्याचा रिपोर्ट माझाही होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा भाचा तीन वर्षांचा झाला तरी भिंत धरूनच चालायचा. डोळ्यांत लाल शिरा दिसायच्या, तर डोळे आलेत म्हणून सहा महिने थेंब घातले. आजीने दृष्टही काढली. सातव्या वर्षी जनुक तपासणी झाली तेव्हा आजाराचे नाव कळले: अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया, म्हणजे चालण्याचा तोल जाणारा आणि डोळ्यांत लाल शिरा दिसणारा आनुवंशिक आजार. एटीएम नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष, एक आईकडून, एक वडिलांकडून. ताईचे लग्न आमच्या सख्ख्या आतेभावाशी झाले आहे, हेही सांगायला हवे.

या मुलांना रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका मोठा, गरज नसताना एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करू नका, हे सगळे समजावून सांगितले गेले. ताईला मात्र डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फक्त वाहक आहात, म्हणजे तुमची एकच प्रत सदोष आहे, तुम्हाला काही होत नाही."

हे खरे नव्हते. अशा मुलांच्या आयांना आणि नात्यातल्या वाहक स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. अमेरिकेतले संशोधक मायकेल स्विफ्ट यांनी ते १९८७ सालीच दाखवून दिले होते, म्हणजे हे जनुक सापडण्याच्याही आधी.

ताईला ४४ व्या वर्षी आंघोळ करताना गाठ लागली. कर्करोगाच्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या आजारांबद्दल विचारले, तेव्हा तिने मुलाची निळी फाइल पुढे केली. बाई दुसऱ्याच पानावर थांबल्या. "तुम्हाला बहिणी किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. ताईच्या सोबतीला मी बाहेर बाकावरच बसले होते. माझी तपासणी झाली. मीही वाहक निघाले. आता दरवर्षी मॅमोग्राफी करते.

हे चार वर्षे आधी कळले असते तर ताईची गाठ लहान असतानाच सापडली असती, असे मला रोज वाटते. माझी कळकळीची विनंती आहे की, मुलाच्या अशा रिपोर्टसोबत आई, मावशी, आत्या यांनी काय करायचे याचे एक पान मराठीत द्यावे. सरकारी रुग्णालयांतही ते समजावून सांगणारा समुपदेशक हवा.

घरात बोलणेही सोपे नाही. ताईच्या सासूबाई म्हणजे आमची आत्याच. "पोरींच्या लग्नाचं बघायचंय, गावभर करू नका," म्हणाली. तिच्या दोन्ही मुली हडपसरला असतात. त्यांना अजून काहीच माहीत नाही. येत्या रविवारी फाइल घेऊन मीच जाणार आहे.

– एक मावशी, सिंहगड रस्ता, पुणे